बांधावरची नोंद

नाशिक जिल्ह्यातल्या पिकांची सरकारी नोंद तलाठ्याच्या दप्तरातून शेतकऱ्याच्या मोबाइलवर आली ती १५ ऑगस्ट २०२१ पासून. त्या दिवशी ‘ई-पीक पाहणी’ हे ॲप राज्यभर लागू झाले. महसूल आणि कृषी या दोन विभागांचा हा संयुक्त प्रकल्प, आणि ॲप तयार करण्यात टाटा ट्रस्टचा सहभाग. ‘माझी शेती, माझा सातबारा, मीच लिहिणार माझा पीकपेरा’ ही त्याची घोषणा होती. आपल्या वावरात काय उभे आहे हे सरकारदरबारी लिहिण्याचे काम त्या दिवसापासून खुद्द खातेदाराकडे आले. तोवर ते काम क्रमाक्रमाने मोजणीदार, कुलकर्णी आणि तलाठी यांनी केले होते. त्यांची साधने बदलत गेली: काठी, साखळी, बोरू, कार्बनपेपर, शेवटी संगणक. प्रश्न मात्र प्रत्येक काळात एकच राहिला: लिहिणाऱ्याचे पाऊल त्या शेतात खरोखर पडले होते का?

या इतिहासाला नाशिकमध्ये एक सोयीचे ठिकाण आहे, द्वारका चौक. मुंबई–आग्रा महामार्ग इथून कन्नमवार पुलावरून गोदावरी ओलांडतो आणि आडगाव, ओझर, पिंपळगाव बसवंत करत चांदवडकडे जातो. त्याच चौकातून पुणे रस्ता फुटतो आणि नाशिकरोड, पळसे, सिन्नर गाठतो. पहिल्या रस्त्याला द्राक्षे, टोमॅटो आणि कांदा. दुसऱ्याला एकेकाळी ऊस, पुढे सिन्नरची कोरडवाहू माळराने. चौकात उभे राहिले तर आज माती दिसत नाही. वर उड्डाणपूल, खाली रिक्षा, ट्रॅव्हल्सच्या गाड्या आणि भाजीचे टेम्पो. पण आसपासच्या काठे गल्ली, वडाळा नाका भागातल्या सदनिकांची जुनी कागदपत्रे उघडली, की ‘शिवार’ आणि ‘सर्व्हे नंबर’ हे शब्द हमखास भेटतात. इमारतींखालची ही जमीनही कधी तरी कुणी चालून मोजली होती, आणि तिच्यावरचे पीक कुणी तरी लिहिले होते.

जमीन मोजून महसूल ठरवण्याची पद्धत या मुलुखात मलिक अंबरच्या नावाने ओळखली जाते. शिवकाळात अण्णाजी दत्तो यांनी केलेल्या पाहणीचे माप ठरलेले होते: पाच हात पाच मुठी लांबीची काठी, वीस काठ्या लांब आणि वीस काठ्या रुंद म्हणजे एक बिघा, १२० बिघ्यांचा एक चावर. हात आणि मूठ ही माणसाच्या शरीराची मापे असल्याने कुणाचा हात धरायचा यावर वाद होणे साहजिक होते. म्हणून प्रमाण काठी ठरवावी लागली. या व्यवस्थेचा गाभा ‘पाहणी’ या शब्दातच आहे. कारकुनाने गावात जायचे, उभे पीक डोळ्यांनी पाहायचे, पाटील-कुलकर्ण्यासमोर अंदाज बांधायचा आणि मग कागद करायचा. पुढे तीनशे वर्षांत राज्ये बदलली, तरी हा शब्द मराठी महसूल दप्तरातून गेला नाही. ॲपच्या नावातही तो तसाच आहे.

१८१८ मध्ये पेशवाई संपून नाशिकचा प्रदेश कंपनी सरकारकडे आला. (स्वतंत्र जिल्हा झाला तो १८६९ मध्ये.) नव्या सरकारची पहिली मोठी मोजणी आर. के. प्रिंगल यांनी १८२० च्या दशकाअखेरीस पुणे भागात केली. प्रत्येक शेताचे निव्वळ उत्पन्न काढून त्यावर सारा बसवायचा, असा तिचा पाया होता. कागदावर हे तत्त्व निर्दोष होते. शिवारात मात्र मोजणीत चुका निघाल्या, उत्पन्नाच्या अंदाजात लबाड्या निघाल्या, आणि सारा इतका जड झाला की लोक जमिनी टाकून गेले. जागेवरची माहितीच खोटी असेल, तर तिच्यावर उभे केलेले गणित कितीही शुद्ध असून उपयोग नाही, हे महाराष्ट्राने तेव्हा फार महाग किमतीला पाहिले.

त्यानंतर १८३५-३६ मध्ये इंदापूर तालुक्यात गोल्डस्मिड आणि विंगेट यांनी जी पद्धत बसवली, तीच पुढे मुंबई इलाख्याची पद्धत झाली. नाशिकच्या सपाट तालुक्यांत ती १८४० च्या दशकात आली. या पद्धतीतला मोजणीदार प्रत्यक्ष काय करत असे, हे जवळून पाहण्यासारखे आहे. त्याच्या हातात ३३ फुटांची लोखंडी साखळी असे. तिचे सोळा भाग. प्रत्येक भागाला ‘आणा’ म्हणत. एक साखळी लांब, एक साखळी रुंद म्हणजे एक गुंठा, आणि चाळीस गुंठ्यांचा एकर. आजही नाशिकमध्ये प्लॉटचा भाव गुंठ्यात बोलला जातो, तो त्या साखळीमुळे. मोजणीदार शेताच्या मधून एक सरळ रेषा धरी, तिच्यापासून प्रत्येक कोपऱ्यापर्यंतचे अंतर साखळी-आण्यांत मोजी आणि शेतातच उभा राहून हातकागदावर आकृती काढी. त्या कागदाला नाव पडले ‘टिपण’. भूमी अभिलेख कार्यालयात हद्दीचा तंटा गेला की आजही पहिल्यांदा मागतात ते टिपणच.

मोजणी झाली की प्रतवारी. त्यासाठी क्लासर नावाचा कारकून शेतात खड्डे खणायला लावी. माती काळी आहे की तांबडी की बरड, तिची खोली किती, खाली मुरूम लागतो का, चुनखडी आहे का, उतार किती, पाणी साचते का, हे पाहून तो सोळा आण्यांतून वजावट करी आणि जमिनीला नऊ प्रतींपैकी एक प्रत देई. काम झाल्यावर वरचा अधिकारी त्यातली काही शेते निवडून पुन्हा मोजून पाही. या फेरतपासणीची सर्वांना दहशत असे, कारण साखळीच्या मापात फरक निघाला की चूक नेमकी कुणाची हे लगेच कळे. प्रिंगलच्या मोजणीत जे साधले नाही ते या तपासणीने बरेचसे साधले. पुढच्या प्रत्येक नोंदपद्धतीचे यश अशी तपासणी किती प्रामाणिकपणे झाली यावर मोजावे लागते.

साखळी तीस वर्षांतून एकदाच येई. वर्षानुवर्षाची पीकनोंद गावातच ठेवली जाई, आणि ती कुलकर्ण्याच्या हातात होती. वतनदार कुलकर्णी हा बहुतेक गावांत लिहिता येणारा एकमेव माणूस. ज्याच्या शेताविषयी लिहिले जाई त्याला ते वाचता येत नसे. या विषमतेवर जोतीराव फुले यांनी १८८३ मध्ये लिहून पूर्ण केलेल्या ‘शेतकऱ्याचा असूड’ या ग्रंथात जे आघात केले, ते नोंदीच्या इतिहासात मध्यवर्ती आहेत. शेतकऱ्याच्या दैन्याची कारणे त्यांनी दुष्काळात शोधली तशी दप्तरातही शोधली. कुलकर्णी वतने १९५० च्या कायद्याने संपली आणि त्यांच्या जागी पगारी तलाठी आला. लेखणी वंशपरंपरेतून सरकारी नोकरीत गेली. शेतकऱ्याच्या हाती यायला तिला आणखी सत्तर वर्षे लागणार होती.

पीकनोंदीला आजचे कायदेशीर वजन आले ते हक्कनोंदणीमुळे. मुंबई इलाख्यात १९०३ मध्ये हक्कनोंदीचा कायदा झाला. त्यानंतर गावच्या हिशेबाचे क्रमांकित नमुने रुळले. नमुना ७ म्हणजे अधिकार अभिलेख: जमीन कुणाच्या नावावर, तिच्यावर कोणता बोजा. नमुना १२ म्हणजे पिकांची नोंदवही: वर्ष, हंगाम, पिकाचे नाव, जलसिंचित क्षेत्र, अजलसिंचित क्षेत्र, पड, पाण्याचे साधन, शेरा. दोन्ही एकाच कागदावर आले तो ‘सातबारा’. सर्व शेतांच्या पिकांची बेरीज नमुना ११ मध्ये होई आणि ती तालुक्यावरून जिल्ह्याला, तिथून राज्याला जाई. कांद्याखाली किती क्षेत्र आहे या आकड्याचा उगम असा एका गावच्या चावडीत होता. तुकडेबंदी आणि एकत्रीकरणाच्या १९४७ च्या कायद्यानंतर बऱ्याच गावांत सर्व्हे नंबरांची जागा गट नंबरांनी घेतली; ॲपमध्ये शेतकऱ्याला गट क्रमांक निवडावा लागतो तो या बदलामुळे.

बारा नंबरच्या रकान्यात काय लिहिले जाते यावर पिढ्यांचे भवितव्य ठरले आहे. १९४८ च्या कूळकायद्यात आणि १ एप्रिल १९५७ या कृषकदिनानंतर, जमीन कसणारा कोण याचा पुरावा म्हणून न्यायाधिकरणाने पाहिला तो पीकपाहणीचाच कागद. त्यात ‘रीत’ नावाचा रकाना होता: जमीन खुद्द मालक कसतो की कूळ, हे तिथे आकड्याने लिहीत. तो एक आकडा चुकीचा पडला, किंवा पाडला गेला, तर घाम गाळणाऱ्याचे नाव कागदावर उरत नसे. म्हणूनच १९७१ च्या नियमांनी पाहणीची रीत बांधून दिली. तलाठ्याने गावाला आधी कळवावे, पीक उभे असताना शेतावर जावे, गावकऱ्यांच्या समक्ष नोंद करावी. नोंदलेल्या माणसाऐवजी दुसराच कुणी जमीन कसताना आढळला, तर नमुना १४ भरून तहसीलदाराकडे पाठवावा, आणि मंडळ अधिकाऱ्याने काही नोंदी जाऊन तपासाव्यात.

नियम चांगला होता, पण माणूस एकच. एका साझ्यात दोन-तीन गावे, प्रत्येक गावात शेकडो गट, शिवाय फेरफार, दाखले, वसुली, निवडणुकीचे काम, टंचाईचे अहवाल. शंभर गटांच्या बांधावरून चालत जायला किती दिवस लागतात हे ज्याने शिवार पायी पाहिले आहे त्याला सांगावे लागत नाही. त्यामुळे पाहणी हळूहळू चावडीत होऊ लागली. मागच्या वर्षीचा पेरा पाहून यंदाचा लिहायचा, कोतवालाला विचारून दोन-चार बदल करायचे, आणि ज्या शेतकऱ्याला पीककर्जासाठी सातबारा हवा असेल त्याने येऊन आपले पीक सांगायचे. यात तलाठ्याला दोष देऊन हात झटकणे अन्यायाचे आहे. कामाचा बोजा माणसांच्या संख्येत कधी बसलाच नाही. नुकसान मात्र खरे होते. द्राक्षबाग उभी असलेल्या गटावर वर्षानुवर्षे बाजरी दिसे, आणि गारपीट झाली की पंचनाम्याच्या वेळी कागद आणि वावर यांचा मेळ बसत नसे.

पिकाचा अंदाज काढण्याची दुसरी पद्धत आणेवारीची. दशमान नाणी आल्यावर तिची पैसेवारी झाली. सोळा आणे म्हणजे पूर्ण पीक, त्या हिशेबाने आता शंभर पैसे. गावाची पैसेवारी पन्नास पैशांच्या खाली गेली की सारा, कर्जवसुली आणि परीक्षा शुल्काच्या सवलतींचा विचार सुरू होतो. आधी नजर अंदाज, मग पीककापणी प्रयोग. त्यासाठी यादृच्छिक पद्धतीने निवडलेल्या शेतात दोरी-खुंट्यांनी चौकोन आखतात, त्यातले पीक कापून, मळून तिथेच तोलतात. हा विधी आजही चालतो. २०१६ ला पंतप्रधान पीकविमा योजना आल्यावर या कापणीची नोंदही मोबाइलवर घेण्यास सुरुवात झाली, आणि तागडीच्या शेजारी फोन आला.

मोबाइलवर जागेवरची माहिती घेण्याची कल्पना ई-पीक पाहणीपेक्षा वीसेक वर्षांनी जुनी आहे. आरोग्य सर्वेक्षणासाठी खिशातल्या छोट्या संगणकांवर चालणारी साधने या शतकाच्या आरंभी आली. २००८ च्या सुमारास वॉशिंग्टन विद्यापीठात ‘ओपन डेटा किट’ तयार झाले, आणि अँड्रॉइड फोनवर प्रश्नावली भरणे कुणालाही फुकटात जमू लागले. महाराष्ट्रातला त्याहून आधीचा प्रयोग वारणेचा. कोल्हापूर जिल्ह्यातल्या वारणा सहकारी परिसरात १९९८ मध्ये गावोगावी संगणक-केंद्रे बसवली गेली. ती यंत्रे जुनी झाल्यावर २००६-०७ मध्ये मायक्रोसॉफ्ट रिसर्चने काही गावांत साध्या मोबाइलवरून संदेश पाठवून कारखान्याची माहिती मिळवण्याची सोय करून पाहिली. आपला ऊस किती टन गेला, तोडीची पाळी कधी, खत किती उचलले, हे शेतकऱ्याला एका संदेशात कळू लागले. या प्रयोगात महागडा संगणक मागे पडला आणि खिशातला साधा फोन टिकला.

नाशिकला मात्र ही शिस्त द्राक्षाने लावली. २००३ मध्ये युरोपात भारतीय द्राक्षांत मेथोमिल या कीटकनाशकाचे अवशेष सापडले आणि निर्यात धोक्यात आली. त्यावर उपाय म्हणून ‘अपेडा’ या शेतमाल निर्यातीचे काम पाहणाऱ्या केंद्रीय संस्थेने २००६ मध्ये ‘ग्रेपनेट’ ही व्यवस्था उभी केली. निर्यातीची प्रत्येक बाग कृषी विभागाकडे नोंदवायची, प्रत्येक प्लॉटला स्वतंत्र क्रमांक, कृषी अधिकाऱ्याची प्रत्यक्ष तपासणी, फवारणीची नोंदवही, प्रयोगशाळेने बागेतून घेतलेला नमुना, आणि मग पेटीवर तो क्रमांक. युरोपातल्या दुकानात एखाद्या पेटीत दोष निघाला, तर पिंपळगाव किंवा दिंडोरीच्या कोणत्या बागेतली ती होती हे काही मिनिटांत सांगता यावे, असा हेतू. २०१० मध्ये क्लोरमेक्वाट क्लोराइडच्या अवशेषांवरून पुन्हा संकट आले आणि बागायतदारांना मोठा फटका बसला. तेव्हा तपासायच्या रसायनांच्या यादीचे महत्त्व सगळ्यांना कळले. २०१७ मध्ये अपेडाने बागनोंदणीसाठी मोबाइल ॲपही आणले. नाशिकच्या बागायतदाराच्या घरी त्याआधीच भिंतीला टांगलेली फवारणीची वही होती: तारीख, औषध, प्रमाण, पाणी किती लिटर, काढणीपूर्व किती दिवस. जिल्ह्यातल्या शेतकऱ्याला स्वतःच्या कामाची तारीखवार नोंद ठेवायला लावणारी पहिली गोष्ट सरकारी नियम नव्हती. बाजारपेठेची गरज होती. पुढे ॲप आले तेव्हा ओझर-पिंपळगाव पट्ट्यातल्या लोकांना त्यातले रकाने परके वाटले नाहीत, याचे श्रेय त्या वहीला आहे.

ई-पीक पाहणीत शेतकऱ्याला काय करावे लागते? ॲप उतरवून घ्यायचे, विभाग-जिल्हा-तालुका-गाव निवडायचे, नाव किंवा खाते क्रमांक किंवा गट क्रमांकाने आपले खाते शोधायचे, मोबाइलवर आलेला सांकेतांक टाकायचा. मग हंगाम, पिकाचा वर्ग, निर्भेळ पीक की मिश्र, क्षेत्र, पाण्याचे साधन, सिंचनाची पद्धत, लागवडीची तारीख. शेवटी पिकात उभे राहून फोटो. फोटोबरोबर अक्षांश-रेखांश आपोआप जातात. कायम पड आणि बांधावरची झाडे यांचीही नोंद याच ॲपमध्ये होते. इथपर्यंत वाचायला सोपे. वावरात चित्र वेगळे असते. दुपारच्या उन्हात पडद्यावर काही दिसत नाही, म्हणून फोनवर टोपीची सावली धरायची. वडिलांच्या नावावरची जमीन चार भावांत सामाईक, तेव्हा कुणाचे किती क्षेत्र टाकायचे यावर बांधावरच चर्चा. सुरगाणा, पेठ, त्र्यंबकच्या डोंगरी पाड्यांवर रेंज नसते. तिथे माहिती फोनमध्ये साठवून टेकडीवर किंवा तालुक्याच्या गावी जाऊन पाठवायची. मुदतीच्या अखेरच्या दिवसांत सगळा महाराष्ट्र एकदम ॲप उघडतो आणि चकती फिरत राहते. ज्यांच्याकडे साधा फोन आहे, किंवा ज्यांची दृष्टी अधू झाली आहे, त्यांचे काम शेजारचा शाळकरी मुलगा करून देतो. आजोबांचा पेरा नातवाच्या बोटाने सरकारदरबारी जाऊ लागला, हे या बदलाचे अतिशय जिव्हाळ्याचे रूप आहे.

या नोंदीचे वजन नाशिकला कळले ते २०२३ च्या कांद्याने. त्या वर्षी फेब्रुवारीत लाल कांद्याचे भाव कोसळले. लासलगाव, पिंपळगाव बसवंतच्या बाजारात वाहतुकीचाही खर्च निघेना. १२ मार्चला दिंडोरीहून शेतकरी आणि आदिवासींचा मोर्चा मुंबईकडे निघाला, त्याच्या मागण्यांत कांदा होता. सरकारने १ फेब्रुवारी ते ३१ मार्च या काळात बाजार समितीत विकलेल्या लेट खरीप लाल कांद्याला क्विंटलला ३५० रुपये, जास्तीत जास्त २०० क्विंटलपर्यंत, अनुदान जाहीर केले. अर्जासोबत विक्रीपट्टी, बँक पासबुक आणि कांद्याची नोंद असलेला सातबारा मागितला. नोंद ई-पीक पाहणीतून झालेली हवी. इथे गाडी अडली. हा लेट खरीप, म्हणजे रांगडा, कांदा दोन हंगामांच्या सांध्यावरचे पीक. खरिपाची नोंद करताना तो अजून रोपवाटिकेत असतो आणि रब्बीची नोंद करण्याच्या सुमारास काढणी जवळ येते. हजारो शेतकऱ्यांनी कांदा पिकवला होता, ट्रॅक्टरने बाजारात नेला होता, पट्टी खिशात होती. बारा नंबरवर मात्र त्या गटात मका किंवा सोयाबीन होते, किंवा काहीच नव्हते. त्यांच्या संतापात तथ्य होते. पीक खरे आणि कागद कोरा असताना कोरा कागद प्रमाण मानला जात होता. अखेर अट शिथिल झाली आणि नोंद नसलेल्यांसाठी तलाठी, ग्रामसेवक, कृषी सहायक यांच्या गावपातळीवरच्या समितीने पडताळणी करावी असे ठरले. समितीपुढे शेतात पाहण्यासारखे काही उरले नव्हते, कारण कांदा निघून गेला होता. शेजाऱ्यांची साक्ष, लागवडीच्या खुणा आणि गावाची आठवण यांवरच भिस्त ठेवावी लागली. ॲपच्या पूर्वीची चावडीतली पाहणी त्या उन्हाळ्यात काही आठवडे परत आली. 

शहरातला अनुभव याला समांतर आहे. द्वारका चौकासारख्या ठिकाणी वाहने मोजण्याची जुनी रीत म्हणजे कोपऱ्यात खुर्ची टाकून बसलेला माणूस, गुडघ्यावर तक्ता, आणि पाच-पाच रेघांचे जुडगे: चार उभ्या, एक आडवी. दुचाकी, रिक्षा, बस, ट्रक असे रकाने, दर पंधरा मिनिटांना नवी ओळ. घरोघरची माहिती गोळा करणारेही पाटी आणि पेन घेऊन फिरत. २०११ च्या सामाजिक, आर्थिक व जातनिहाय गणनेत पहिल्यांदा प्रगणकासोबत टॅबलेट घेतलेला माणूस दारात आला. ती यंत्रे भारत इलेक्ट्रॉनिक्सने बनवली होती. २०१५ च्या सिंहस्थात गर्दीची आणि आजारांची माहिती घेण्याचे वेगळे प्रयोग नाशिकने पाहिले. नाशिकचेच असलेले एमआयटीतले शास्त्रज्ञ रमेश रासकर यांच्या पुढाकाराने भरलेल्या ‘कुंभथॉन’मधून स्थानिक तरुणांनी पावलांच्या दाबाने माणसे मोजणारी चटई तयार केली. तात्पुरत्या दवाखान्यांतली रुग्णनोंद टॅबलेटवर घेऊन साथीचा कल रोजच्या रोज पाहण्याचा प्रयत्नही त्या मेळ्यात झाला. २०२७ ची जनगणना मोबाइल ॲपवर घ्यायचे केंद्र सरकारने ठरवले, त्यात नागरिकाला स्वतःची माहिती स्वतः भरण्याचीही सोय आहे.

पण ॲप हाती देणे म्हणजे काम हलके करणे, असे गृहीत धरता येत नाही. याचा धडा अंगणवाडी सेविकांनी दिला. पूर्वी त्यांच्याकडे अकरा नोंदवह्या असत. सर्वेक्षण, पोषण आहार, लसीकरण, गरोदर मातांच्या भेटी, वजनाचे तक्ते, सगळे हाताने. मोबाइल आल्यावर वह्या जातील अशी आशा होती. २०२१ मध्ये ‘पोषण ट्रॅकर’ सक्तीचे झाले, तेव्हा ते इंग्रजीत होते आणि दिलेले फोन त्याच्या ओझ्याने बंद पडत होते. मराठीत शिकलेल्या, तुटपुंज्या मानधनावर राबणाऱ्या बाईने लाभार्थी बालकाचे नाव इंग्रजीत टंकावे, आणि फोन बिघडला तर दुरुस्तीचा खर्चही सोसावा, ही अपेक्षा मुळातच चुकीची होती. त्या वर्षीच्या ऑगस्टमध्ये राज्यभरातल्या सेविकांनी मोबाइल शासनाला परत केले. ई-पीक पाहणीचे ॲप राज्यभर सुरू झाले तोच हा महिना. एक ॲप मराठीत आले, शेतकऱ्याच्या शब्दांत आले, म्हणून निदान उघडले गेले. दुसरे परक्या भाषेत आले आणि कार्यालयाच्या टेबलावर गठ्ठ्याने परतले.

ई-पीक पाहणीच्या पुढच्या आवृत्त्या या अडचणींतून घडल्या. सुरुवातीला घरात बसून, अंगणातल्या झाडाचा फोटो टाकून भरलेल्या नोंदी सापडल्या. मग गटाचे भौगोलिक स्थान ॲपमध्ये बसवले गेले आणि शेतापासून दूर उभ्या असलेल्या माणसाला ॲप तसे सांगू लागले. भरलेली नोंद ४८ तासांत दुरुस्त करता येऊ लागली. शेतकऱ्याची नोंद स्वयंप्रमाणित मानून तलाठ्याने फक्त दहा टक्के नोंदी जाऊन तपासाव्यात असे ठरले. विंगेटच्या काळातली फेरतपासणी अशी नव्या रूपात परतली. केंद्राच्या डिजिटल पीक सर्वेक्षणाशी जोडलेली पद्धत २०२४ च्या खरिपात निवडक तालुक्यांत आणि त्या वर्षीच्या रब्बीपासून राज्यभर आली. तिच्यात गटाच्या हद्दीजवळ गेल्याशिवाय फोटो स्वीकारलाच जात नाही. त्याच वर्षी तलाठ्याचे पदनाम बदलून ‘ग्राम महसूल अधिकारी’ झाले.

या पद्धतीत हंगामाचे दोन टप्पे आहेत. पहिल्या टप्प्यात शेतकरी आपली नोंद करतो. मुदत संपल्यावर जे गट कोरे राहतात, त्यांच्यासाठी गावात ‘सहायक’ नेमला जातो. त्याला प्रत्येक गटामागे काही रुपये मिळतात. तो बहुधा गावचाच तरुण असतो. सकाळी मोटारसायकल पांदीच्या तोंडाशी लावतो, चिखलातून बांधावर चढतो, नकाशावरचा निळा ठिपका गटाच्या रेषेत येईपर्यंत पुढे सरकतो, आणि फोन उंचावून कोरड्या पडलेल्या वाफ्यातल्या कांद्याच्या पातीचा फोटो घेतो. संध्याकाळपर्यंत असे जितके गट होतील तितके. त्याने टिपलेले पीक, क्षेत्र आणि ठिकाण त्या गटाच्या बारा नंबरवर उमटते, जिथे पूर्वी तलाठ्याचे अक्षर असे.